चार घोडे फुकट मेले नाहीत : मध्ययुगीन युद्धखेळांतली हूल

चवथीची आरती आटोपते, नेवऱ्यांचे ताट रिकामे होते आणि घरातली पोरे मोबाइल टीव्हीला जोडून 'एज ऑफ एम्पायर्स २' या संगणकावरच्या युद्धखेळाचा एखादा परदेशी सामना लावतात. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांखाली, बसलेले काका-मामा थोडा वेळ बघतात. पडद्यावर एक खेळाडू चार घोडेस्वार शत्रूच्या वस्तीत घुसवतो, मिनिटभरात चारही मरतात आणि समालोचक आनंदाने ओरडतो. मामा विचारतो, "अरे, चार घोडे फुकट मारले त्याने. यात एवढे खूश व्हायला काय झाले?"

प्रश्न अगदी रास्त आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे खेळ एका बाजूला, ई-स्पोर्ट्स दुसऱ्या बाजूला, अशी रेघ ओढली. पण रेघेच्या या बाजूला जे खेळले जाते त्यात डोके नेमके कुठे लागते, हे बघणाऱ्याला कळतेच असे नाही. त्या चार घोड्यांचा हिशेब नीट मांडला तर बरेचसे कळते.

हूल म्हणजे काय

एकीकडे जातो असे दाखवायचे आणि दुसरीकडे घाव घालायचा, याला मराठीत हूल देणे म्हणतात. खेळाडू तिला 'डिकॉय' म्हणतात. आपण हूलच म्हणू. प्रत्येक हुलीत तीन गोष्टी असतात. शत्रूला दिसते ते आमिष. दिसत नाही तो मुख्य घाव. आणि आमिषाकडे गेलेल्या शत्रूला परत यायला लागतो तो वेळ. बघणाऱ्याला पहिलीच गोष्ट दिसते, म्हणून घोडे फुकट गेल्यासारखे वाटतात.

'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. ५ एप्रिल १६६३च्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात शाइस्तेखानावर छापा घातला. परतताना कात्रजच्या बाजूला बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते सोडले, मोगली फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, असे परंपरेने सांगतात. पलिते हे आमिष, सिंहगडाची वाट हा खरा डाव, आणि फौज घाट चढून उतरेपर्यंतचा वेळ ही कमाई.

पण पन्हाळ्याचा वेढा आठवला की हाच शब्द जड होतो. जुलै १६६०मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसला आणि पकडला गेला. आपण मरणार हे त्याला माहीत होते. खेळात आमिषाची, म्हणजे एका घोड्याची, किंमत ८० अन्न असते; गावकरी गोळा करतात त्या अन्न, लाकूड, सोन्यातून तिथे सैनिक मिळतात. हा फरक पोरांना सांगावा, आणि मग खुशाल खेळू द्यावे.

शत्रूला दिसते किती

पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्री अंगणात बॅटरी मारली की तेवढाच गोल उजळतो, बाकी सगळा काळोख. या खेळांतला नकाशा तसाच असतो. आपला माणूस किंवा इमारत जिथे असेल त्याच्या आसपासचेच दिसते, उरलेल्या भागावर धुके असते. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये नकाशा चौकोनांत मोजतात. गावकऱ्याला चार चौकोन लांबचे दिसते, वस्तीच्या मुख्य इमारतीला, म्हणजे टाउन सेंटरला, आठ. म्हणून मुख्य फौज टाउन सेंटरपासून बाराएक चौकोन लांब, लाकूडतोड्यांच्या वाटेत न येता उभी केली तर ती तिथे आहे याची समोरच्याला गंधवार्ताही नसते.

धुक्याची आणखी एक खोड आहे. इमारत एकदा पाहिली की धुके परत आल्यावरही तिचे शेवटचे चित्र नकाशावर राहते. हे अनुभवी खेळाडू वापरतात. शत्रूचा टेहळ्या येताना दिसला की त्याच्या वाटेवर तिरंदाजीची दुसरी शाळा बांधायला घेतात. तिला १७५ लाकूड लागते. टेहळ्या बघून गेला की काम रद्द करतात. झाले नसेल तेवढ्या कामाचे लाकूड परत मिळते. समोरचा मात्र तिरंदाज येणार म्हणून ढालवाल्या भालाफेक्यांची तयारी करत बसतो, आणि येतात घोडे. यात एकही माणूस खर्ची पडत नाही. फक्त नुसता आराखडा टाकून भागत नाही, गावकऱ्याने काम सुरू करायला हवे. हूल म्हणून उगाच आराखडे टाकणारे इथेच चुकतात.

तिसरी गोष्ट सैनिकांच्या स्वभावाची. प्रत्येक तुकडीला चारपैकी एक स्वभाव देता येतो. 'अ‍ॅग्रेसिव्ह' दिला तर शत्रू दिसला की ती त्याच्यामागे धावत सुटते. 'डिफेन्सिव्ह' दिला तर थोडे अंतर जाऊन परत फिरते. 'स्टँड ग्राउंड' म्हणजे जागेवरून हलायचे नाही, आणि 'नो अटॅक' म्हणजे हातच उचलायचा नाही. नवखा खेळाडू सगळी फौज 'अ‍ॅग्रेसिव्ह'वर सोडून शेतीकडे बघायला जातो. अशा फौजेला एक घोडा नकाशाभर हिंडवू शकतो.

आमिष खरेच असावे लागते

हुलीबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज हा की आमिष म्हणजे खोटे काहीतरी. भाताच्या शेतात बुजगावणे उभे केले की पाखरे दोन दिवस बिचकतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच्याच खांद्यावर येऊन बसतात. खोट्याचे आयुष्य तेवढेच.

मांडवीच्या काठावर चोणक धरायला गरी टाकून बसलेल्याकडे बघा. तो गरीला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, लावतो. गरीचे टोक अशा बेताने घालतो की सुंगट मरू नये, पाण्यात गेल्यावरही त्याचे पाय हलत राहावेत. मेलेले लावले तर चोणक हुंगून निघून जाते. आमिष शंभर टक्के खरे असते. लपवलेली असते ती गरी.

फुटबॉलमध्येही हेच. म्हापशाच्या दुलेर मैदानावर एखादा फॉरवर्ड चेंडूशिवायच उजवीकडे धाव घेतो आणि बचावपटू त्याच्यामागे जातो. मूर्ख म्हणून जात नाही. गेला नाही तर चेंडू त्यालाच मिळेल आणि गोल होईल, म्हणून जातो. गेला तर मधली जागा मोकळी पडते. दोन्हीकडून तोटाच. चांगली हूल शत्रूला फसवण्यापेक्षा अशा पेचात धरते.

म्हणून वस्तीत एकच घोडा पाठवला तर जाणकार त्याच्याकडे बघतही नाही. चार हलके घोडेस्वार लाकूडतोड्यांवर सोडले तर बघावेच लागते, कारण न बघितल्यास पाच-सहा गावकरी जातात. दहा पाठवले तर ते आमिष राहत नाही, मुख्य घावातलेच सैन्य तिकडे गेलेले असते. तीन ते पाच हा आकडा बहुतेक वेळा जमतो.

हिशेब सेकंदांचा

आता मामांच्या प्रश्नाचे उत्तर. हलक्या घोडेस्वाराला ८० अन्न लागते, म्हणजे चारांचे ३२०. गावकरी ५० अन्नाला येतो. चार घोडे गेले म्हणजे सहा गावकऱ्यांएवढे नुकसान झाले.

समजा घोडे बघून शत्रूचे वीस गावकरी काम टाकून पळाले आणि तीस सेकंद लपून बसले. एक गावकरी सेकंदाला साधारण एक तृतीयांश एकक माल गोळा करतो. वीस गुणिले तीस भागिले तीन, म्हणजे २००. खर्च ३२०, शत्रूचे नुकसान २००. नुसत्या गोंधळावर हूल तोट्यात जाते! पुष्कळ जण इथेच थांबतात आणि मग हुलीत काही दम नाही म्हणतात.

नफा तिसऱ्या गोष्टीत आहे, परत येण्याच्या वेळेत. आमिष आणि मुख्य घाव यांच्या जागांत तीस चौकोनांचे अंतर धरा. कुठलीही सुधारणा न घेतलेला हलका घोडेस्वार सेकंदाला दीड चौकोन जातो, त्याला वीस सेकंद लागतात. चिलखती घोडेस्वाराला, म्हणजे नाइटला, १.३५च्या वेगाने बावीस. तिरंदाज ०.९६च्या वेगाने चालतो, त्याला एकतीस. आणि दगड फेकणारे मँगोनेल यंत्र ०.६च्या वेगाने सरपटत येते, त्याला पन्नास.

म्हणजे शत्रूची फौज तिरंदाजांची असेल आणि ती आमिषामागे गेली, तर मुख्य घावाला किमान अर्धा मिनिट मोकळे रान मिळते. शिवाय समोरच्याच्या लक्षात येईपर्यंतचे सेकंद वेगळे. शत्रूची फौज घोड्यांची असेल तर ही खिडकी लहान होते आणि हूल द्यायची की नाही याचा दोनदा विचार करावा. हूल जितक्या संथ फौजेला द्याल तितकी फळते, हे या आकड्यांवरून उघड आहे.

अर्ध्या मिनिटात काय होते? 'लूम' ही सुधारणा घेतलेल्या गावकऱ्याची ताकद ४० असते आणि नाइटचा एक वार त्यातून ९ कमी करतो. पाच वार लागतात. नाइट १.८ सेकंदाला एक वार करतो, म्हणजे दोन नाइट मिळून एका गावकऱ्याला चार सेकंदांच्या आत संपवतात. गावकरी पळणार, काही टाउन सेंटरमध्ये शिरणार, हे सगळे धरूनही आठ नाइट अर्धा मिनिट सोन्याच्या खाणीवर मोकळे फिरले तर खाण बंद पडते. चार घोड्यांची किंमत तिथे वसूल होते.

एक बारकी गोष्ट. हे सगळे खेळाच्या घड्याळातले सेकंद आहेत. २०१९च्या नव्या आवृत्तीत नेहमीचा वेग १.७ पट असतो. खेळातले एकतीस सेकंद म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात जेमतेम अठरा. कागदावर आरामाचे वाटणारे गणित हातात घेतल्यावर का फसते, त्याचे हे एक साधे कारण.

एक हूल, पहिल्यापासून

आधी जागा ठरवा. मुख्य घाव कुठे घालायचा हे पहिले, आमिष कुठे टाकायचे हे दुसरे. उलट क्रमाने विचार केला की दोन्ही जागा जवळजवळ येतात आणि शत्रू मधे उभा राहून दोघांना पुरतो. सोन्याची खाण पुढच्या बाजूला असेल तर आमिष मागच्या लाकूडतोडीवर.

मुख्य फौजेला कंट्रोल आणि १, आमिषाला कंट्रोल आणि २ असे क्रमांक द्या. आमिषाला साध्या 'मूव्ह' आज्ञेनेच पाठवा, म्हणजे वाटेत कोणी दिसले तरी घोडे थांबत नाहीत. शिफ्ट दाबून पुढची वळणे आधीच लावून ठेवा: लाकूडतोडीपर्यंत, तिथून वस्तीला वळसा, तिथून बाहेर. पोचल्यावर हाताने गावकऱ्यांवर सोडा. शत्रूची फौज दिसली की लढत बसू नका, पुढच्या वळणावर काढा. जिवंत आमिष मेलेल्यापेक्षा दुप्पट वेळ खेचते.

मग थांबा. हेच सगळ्यांत अवघड. मुख्य फौज धुक्यात उभी आहे, हात शिवशिवताहेत, पण शत्रूची फौज आमिषापाशी पोचलेली आमिषाच्याच डोळ्यांनी दिसल्याशिवाय हलायचे नाही. दोन्ही घाव एकदम घातले तर शत्रूची फौज अजून मध्यावर असते आणि तीस चौकोनांचे पंधराच उरतात. नवशिक्यांच्या दहापैकी बहुतेक हुली या एकाच चुकीने वाया जातात असे म्हणायला हरकत नाही.

मुख्य घाव सुरू झाला की आमिष विसरा. मरू दे. आमिष वाचवायला नजर तिकडे गेली आणि इकडे आठ नाइट एखाद्या घराची भिंत ठोकत बसले, असे फार होते. दिसेल त्यावर हल्ला करत जाण्याची आज्ञा देऊन फौज सोडली तर हे ठरलेलेच. खाणीपर्यंत 'मूव्ह'नेच न्या.

आणखी काय बिघडते? कुंपण. लाकडी कुंपण घालून वाट बंद केलेली असली की घोडे बाहेरच घुटमळतात, म्हणून आधी एक टेहळ्या फिरवून फट शोधावी लागते. आणि भाले. भालाईत ३५ अन्न आणि २५ लाकडाला येतो आणि घोड्यांना विशेष मारक असतो. लाकूडतोडीवर चार भालाईत आधीच उभे असतील तर आमिष फौज हलण्याआधीच संपते. तिथे दुसरी जागा बघावी, हट्ट करू नये.

यंत्र रिकामे करणे

हूल जागेचीच असते असे नाही, एका दगडाचीही असते. मँगोनेल सात चौकोनांपर्यंत दगड फेकते, पण तीन चौकोनांच्या आत आलेल्याला काही करू शकत नाही. दोन फेकींत सहा सेकंद जातात. सात चौकोन पार करायला हलक्या घोड्याला पाच सेकंदही लागत नाहीत. तर मग एक घोडा पुढे काढायचा, बाकीचे सात चौकोनांच्या बाहेर ठेवायचे. दगड सुटला की पुढच्याला बाजूला वळवायचे आणि त्याच क्षणी बाकीच्यांना सोडायचे. दगड नेम धरलेल्या जागी पडतो, वळलेल्या घोड्यामागे येत नाही. दुसरा दगड चढेपर्यंत घोडे यंत्राच्या अंगावर असतात. १६० लाकूड आणि १३५ सोन्याचे यंत्र फार तर एका ८० अन्नाच्या घोड्यात जाते. समोर दोन यंत्रे असतील आणि हुशार खेळाडू एकाचा दगड राखून ठेवत असेल, तर हे चालत नाही. तेव्हा दोन आमिषे दोन बाजूंनी लागतात.

साधूचेही तसेच. खेळातला मठवासी नऊ चौकोनांवरून मंत्र म्हणत शत्रूच्या सैनिकाला आपल्या बाजूला वळवतो. एकदा वळवला की त्याला पुन्हा तयार व्हायला मिनिटभर लागते. म्हणून हलके घोडे पुढे जातात, जे तसेही लवकर वळत नाहीत, आणि १३५ च्या किमतीचे नाइट मागून. वळलाच तर ८० अन्नाचा घोडा गेला.

दुसऱ्या खेळांत

२००२च्या 'स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर'मध्ये गुलाम नावाचा सैनिक पाच सोन्याला मिळतो. तटावरचे तिरंदाज समोर येईल त्यावर बाण सोडतात, म्हणून पन्नास सोन्याचे दहा गुलाम पुढे धाडतात आणि बाण त्यांच्यावर पडत असताना दुसऱ्या तटाला शिड्या लागतात.

'मेडीव्हल २ : टोटल वॉर' (२००६) मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे सैनिक थकतात. घोड्यावरच्या तिरंदाजांना 'स्कर्मिश' लावले की शत्रू जवळ येताच ते आपणहून मागे सरकतात. जड चिलखताचे घोडेस्वार त्यांच्यामागे पळून पळून दमले की मग ताजी तुकडी अंगावर घालायची. मंगोलांची पळपुट्याची ही जुनी युक्ती. १२२३मध्ये कालका नदीकाठी रशियन राजे असेच पाठलाग करत लांब ओढले गेले आणि तिथे मार खाल्ला. या खेळात वेळेबरोबर दमही मोजावा लागतो, आणि मला विचाराल तर हूल शिकायला तो जास्त चांगला, कारण चूक डोळ्यांना दिसते: धापा टाकणारी तुकडी लढाईला निघते आणि मोडते.

तिसवाडीचा नकाशा

हूल कुठे चालते आणि कुठे नाही, हे समजायला गोव्याचा नकाशा उघडावा. तिसवाडी, म्हणजे पणजीचा तालुका, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली: मांडवी, जुवारी आणि मधे कुंभारजुवेचा कालवा. आत यायला जुन्या काळी ठरलेले पार, म्हणजे पाणी ओलांडायच्या जागा, होत्या: पणजी, दावजी, गांधावली, बाणस्तारी, आगशी. आत बसलेल्याला हे सगळे पार राखावे लागत. बाहेरच्याला एकच पुरे. १५१०च्या सुरुवातीला पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला, पण मे महिन्यात आदिलशाही फौज खाडी ओलांडून आत आली आणि पोर्तुगिजांना गलबतांवर पळावे लागले. २५ नोव्हेंबरला त्यांनी तो पुन्हा जिंकला. पुढे नोव्हेंबर १६८३मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला असता संभाजी महाराज चालून आले, वेढा उठला, आणि त्याच महिन्यात मराठ्यांनी रातोरात जुन्या गोव्याजवळचे जुवे बेट घेतले. व्हाइसरॉय ते परत घ्यायला स्वतः बाहेर पडला आणि कसाबसा जीव वाचवून परतला. ती ठरवून दिलेली हूल होती असे मी म्हणत नाही. पण बेट एवढे जवळ, की दुर्लक्ष करणे त्याला शक्यच नव्हते. आमिष खरे असावे लागते म्हणतात ते हे.

खेळात 'अरेबिया' नावाचा नकाशा मोकळ्या माळासारखा असतो, चहूकडून वाटा, तिथे हूल फुलते. 'ब्लॅक फॉरेस्ट'मध्ये दाट जंगल आणि दोन-तीन अरुंद वाटा. शत्रू वाटांवर भिंती घालून निवांत बसतो. एकच पार असला की हुलीला जागाच नाही. तिथे चार घोडे पाठवणे म्हणजे खरोखरच फुकट मारणे.

जाता जाता, पोर्तुगीज या खेळात २०१५पासून आहेत आणि फ्रान्सिस्को द आल्मेदावर एक मोहीमही आहे. तो पहिला व्हाइसरॉय, १५०५ ते १५०९चा. गोवा पोर्तुगिजांच्या हाती आला त्याच्यानंतर, हे खेळणाऱ्या पोरांनी ध्यानात ठेवावे.

"हा रडीचा डाव नव्हे का?"

नव्हे. रडीचा डाव म्हणजे नियम मोडणे. हुलीत दोघांचे नियम तेच, धुके तेच, आणि उत्तर द्यायची सोयही दोघांना सारखीच. बुद्धिबळात प्यादे देऊन डाव खुलवतात त्याला कोणी रडी म्हणत नाही. खेळाच्या कोडमधली चूक हेरून सैनिक अदृश्य करणे ही रडी. स्पर्धांतून तसल्यांना बाहेर काढतात ते योग्यच.

"संगणकाला फसवून काय मिळवले?"

संगणकाविरुद्ध खेळताना हूल फार सोपी जाते हे खरे. तो ठरलेल्या नियमांनी वागतो, म्हणून एकदा चाललेली हूल दहाव्यांदाही चालते. तरी सगळेच सोपे नाही. नव्या आवृत्तीतला वरच्या पातळीचा संगणक मँगोनेलचा दगड सुटलेला दिसताच माणसे बाजूला काढतो, आणि ते पुष्कळ माणसांना जमत नाही. सरावासाठी संगणक ठीक. आज्ञा, क्रमांक, वळणे हाताला बसवून घ्यावीत. माणूस मात्र दुसऱ्यांदा तसा वागत नाही. त्याला पहिल्यांदा लाकूडतोडीवर हूल दिली असेल तर दुसऱ्यांदा तिथेच खरा घाव घालावा, कारण या वेळी तो तिकडे दुर्लक्ष करणार.

"माझेच लक्ष उडते त्याचे काय?"

हा आक्षेप सगळ्यांत खरा. हुलीची किंमत अन्नात मोजली, पण खरी किंमत आपल्या लक्षात मोजावी लागते. चार घोडे नाचवताना स्वतःच्या टाउन सेंटरमध्ये नवा गावकरी लावायचे राहून जाते. एक गावकरी तयार व्हायला पंचवीस सेकंद लागतात. हूल मिनिटभर चालली तर दोन गावकरी बुडाले. म्हणून हूल सुरू करण्यापूर्वी टाउन सेंटरमध्ये तीन-चार गावकरी रांगेत लावून ठेवावेत. घरे कमी पडत नाहीत ना, तेही बघावे. एवढे करूनही हात अपुरे पडत असतील तर एकाच घोड्याची, मँगोनेलसमोरची हूल आधी शिकावी. ती सहा सेकंदांत संपते.

आपल्यावर हूल आली तर

शिंग वाजले, लाकूडतोडीवर चार घोडे दिसले. पहिला प्रश्न: बाकीचे कुठे आहेत? समोरच्याचे दोन-तीन तबेले आधी पाहिलेले असतील आणि आता चारच घोडे दिसत असतील तर उरलेले धुक्यात कुठेतरी उभे आहेत. घोडे लढण्यापेक्षा पळण्यातच जास्त वेळ घालवत असतील तर संशय पक्का धरा.

सगळी फौज पाठवू नका. पाच भालाईत म्हणजे १७५ अन्न आणि १२५ लाकूड. चार हलक्या घोड्यांना तेवढे पुरतात. फौज खाण आणि लाकूडतोड यांच्या मध्ये, 'डिफेन्सिव्ह' स्वभावावर ठेवा. मधे उभी असली की तीस चौकोनांचे पंधराच होतात आणि शत्रूचा सगळा हिशेब अर्ध्यावर येतो. खाणीपलीकडे लाकडी कुंपणाचे चार तुकडे असले तरी तो आणखी घटतो.

आणि घंटा वाजवू नका. टाउन सेंटरची घंटा वाजवली की वस्तीतला झाडून सगळा गावकरी काम टाकून पळतो, शेतातला, खाणीतला, ज्याला घोडा दिसलाही नाही तोसुद्धा. टाउन सेंटरमध्ये मावतात पंधरा. बाकीचे बाहेर घिरट्या घालतात आणि खाणीकडून येणाऱ्या नाइटांच्या आयतेच वाटेत येतात. त्यापेक्षा लाकूडतोडीवरचे तेवढे सहा-सात गावकरी माउसने घेरून आत घाला आणि बाकीच्यांना त्यांचे काम करू द्या.